बॅटरीवर पाणी तापवण्यापेक्षा विसण बरं

व्हॅनच्या १२ व्होल्ट बॅटरीवर हीटिंग रॉड लावून अंघोळ जमेल का, असं एकाने विचारलंय. जमेल, पण परवडणार नाही. १० लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला सुमारे २३३ वॅट-तास, म्हणजे जवळपास २० अँपिअर-तास (बॅटरीची साठवण यातच मोजतात) जातात. एका माणसाच्या अंघोळीला!

मी टपावर दोन मीटरचा चार इंची पीव्हीसी पाइप काळा रंगवून बसवलाय. पंधराएक लिटर मावतं, उन्हाळ्यात दुपारपर्यंत मस्त तापतं. प्रेशरसाठी सायकलच्या पंपाने हवा भरायचा शहाणपणा मात्र करू नका. तापलेला पीव्हीसी मऊ पडतो. माझी एंड कॅप धाडकन उडाली, नशीब मागे कोणी उभं नव्हतं. आता नुसत्या उतारावर पाणी येतं, झारीसारखं. वर हवेसाठी भोक हवंच, नाहीतर धार तुटते.

ढगाळ दिवशी आजीचा हिशोब, म्हणजे विसण (कढत पाण्यात गार मिसळून ते सोसेल असं करणं): ९ लिटर गार पाण्यात ३ लिटर आधण, म्हणजे उकळतं पाणी. गार पाणी २० अंशांचं असेल तर बादली ४० ला येते. त्यात १२ व्होल्टचा छोटा सबमर्सिबल (पाण्यात बुडवून चालणारा) पंप सोडायचा, पण आधण नीट मिसळल्यावरच.

गॅस गीझर गाडीच्या आत कदापि नको. गॅस जळताना निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो.