'मामा' म्हणावं की नाही?

तोपखान्याची काकू: परवा गच्चीच्या कामाला आलेल्या मजुराला मी म्हटलं, "मामा, चहा घेऊन घ्या." तर पुण्याहून आलेली भाची माझ्यावरच उखडली. म्हणे आदिवासी माणसाला मामा म्हणणं अपमानाचं. अहो, झाबुआ-अलिराजपूरकडच्या माणसाला मामा म्हणतच आम्ही इंदुरात लहानाचे मोठे झालो. १८८९ मध्ये इंग्रजांनी जबलपुरात फाशी दिलेला टंट्या भिल्ल आमच्यासाठी टंट्या मामाच. भंवरकुआँ चौकालाही आता तेच नाव आहे. मग यात शिवी कुठून आली?

सराफ्याचा खवय्या: काकूंना शंभर टक्के पाठिंबा. उद्या 'भिल्ल' म्हणायचीही चोरी होईल. मी तर 'वनवासी' म्हणतो. चांगला, सोज्वळ शब्द आहे.

सातपुड्यापलीकडचा: माझे वडील नंदुरबारकडच्या धडगावात शिक्षक, मी विजयनगरात आयटीत. कुठल्या वनात राहतो आम्ही? संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंह मुंडांनी 'बनजाती' या शब्दाला हरकत घेऊन 'आदिवासी' मागितला होता. मिळाला नाही, कलम ३४२ मध्ये हिंदीत 'अनुसूचित जनजाति'च आलं. आणि 'भिल्ल' खुशाल म्हणा, ती शिवी नाही. मी स्वतः पावरा. डोंगर ओलांडून बडवानीत आलं की आमच्याच लोकांना बारेला म्हणतात. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश, दोन्ही राज्यांच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आमची नोंद भिल्लांबरोबरच आहे.

सराफ्याचा खवय्या: 'आदिवासी' म्हणजे मूळचे रहिवासी. म्हणजे आम्ही उपरे?

छावणीतला: इंदुरातले मराठी लोक होळकरांच्या मागोमाग आलेत, भाऊ. उपरे नाही तर काय!
पण मला या शब्दांच्या भांडणाचाच कंटाळा आलाय. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यातल्या 'गुन्हेगार जमाती' १९५२ मध्ये 'विमुक्त' झाल्या. चोरी झाली की पोलीस अजून त्याच वस्तीत जातात. पाटी बदलून मजुरी वाढत नाही.

सातपुड्यापलीकडचा: नुसती पाटी नव्हती बदलली, तो कायदाच रद्द झाला. जन्मतःच गुन्हेगार ठरणं कागदावरून तरी गेलं. तुम्हाला तो शब्द लागला नव्हता, म्हणून कंटाळा येतोय.
काकू, एकच विचारतो. 'मामा'च्या पुढे तुमच्याकडे 'घ्या' आलं. मी बसस्टँडवर ऐकतो ते "ए मामा, चल हट." आणि तुमच्या बँकेत भिलाला या आदिवासी जमातीचे मॅनेजर असले, तर त्यांनाही मामाच म्हणाल का?

सराफ्याचा खवय्या: आता प्रेमाने हाक मारायलाही परवानगी काढा!

सातपुड्यापलीकडचा: प्रेम असेल तर नाव विचारा की. दहा दिवस गच्चीवर काम करतोय तो.

तोपखान्याची काकू: आमच्या शाखेत होते हो एक भिलाला साहेब. सरच म्हणायचे मी त्यांना. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. 'वनवासी' तर मी आधीही म्हणत नव्हते, ते रामायणात ठीक आहे. मजुराचं नाव उद्या विचारीन. भाचीला मात्र यातलं काही सांगणार नाही, आधीच फार शेफारलीये.