शेवटची दोन पानं आधी वाचा
वर एकांनी लिहिलंय की सोसायटीच्या पुनर्विकास करारातली शेवटची दोन पानं सगळीकडे सारखीच असतात, त्यात वेळ घालवू नये. कळकळीने सांगतो, आधी तीच वाचा.

आमच्या सोसायटीच्या करारात चटईक्षेत्र, कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो तो निधी), बांधकाम होईपर्यंतचं भाडं यावर आम्ही महिनोन्‌महिने भांडलो. 'अपरिहार्य परिस्थिती'च्या कलमात (हाताबाहेरच्या कारणाने काम अडलं तर जबाबदारीतून सूट देणाऱ्या) मात्र पूर, भूकंप, युद्ध यांच्या रांगेत 'परवानग्यांना होणारा विलंब' हे तीन शब्द बसले होते, ते कुणाच्या नजरेस पडले नाहीत. फाइल अडकली आणि त्यावर बोट ठेवून बिल्डरने सगळ्यांचं भाडं थांबवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना लेकीकडे राहायला जावं लागलं. असं कलम नसतं तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ५६ (करार पाळणंच अशक्य झालं तर तो रद्द ठरवणारं) बघितलं गेलं असतं, आणि नुसता उशीर झाला किंवा खर्च वाढला म्हणून ते कुणाची सुटका करत नाही.

लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्या त्रयस्थाचं, कलमही बघा. 'एकमेव लवाद विकासक नेमेल' असं असेल तर सहीआधीच खोडायला लावा. वादात हितसंबंध असलेल्या एकाच पक्षाने अशी नेमणूक करणं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अमान्य केलंय, पण ते सांगायलाही कोर्टाची पायरी चढावी लागते. आणि नोटिशीचा पत्ता, ईमेलसकट, तोही तपासून घ्या.