पिशवी काढलेल्या बायांना चाळिशीआधीच घाम, चिडचिड, झोप नाही: काय तपासावं?

आरोग्यसेविका_केज
ऊसतोडीला जाणाऱ्या 34 ते 38 वयाच्या बऱ्याच बायांची पिशवी (गर्भाशय) काढलेली आहे. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं जाग येते, लेकरांवर उगाच डाफरतात, कंबर धरते. घरचे म्हणतात, "पिशवी गेली की असंच होतं." खरंच असं असतं का? तपासण्या कोणत्या सांगू?

स्त्रीरोग_अंबाजोगाई
ताई, नुसती पिशवी गेल्यानं असं होत नाही. पाळी थांबते, पण इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन अंडाशयात तयार होतं. म्हणून आधी डिस्चार्ज कार्ड बघा. नुसतं 'टीएएच' (पोटावरून पिशवी काढणं) असेल तर अंडाशयं ठेवलेली आहेत, पण तीही काही वर्षं लवकर थकू शकतात. पुढं 'बीएसओ' असेल तर दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. मग इस्ट्रोजेन हळूहळू नाही, काही दिवसांतच खाली येतं. मेंदूचं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, जरा उकडलं की घाम फुटतो. झोप मोडली की चिडचिड आलीच; तो स्वभाव नव्हे, हे घरच्यांना समजावून सांगाच.

अशा बाईला साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देणं हा उपचारच आहे. न दिल्यास हाडं आणि हृदय दोन्हींचा धोका वाढतो. पिशवी नसल्यानं सहसा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच, नाहीतर अस्तर वाढून कॅन्सरचा धोका. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी किंवा यकृताचा गंभीर आजार झालेला असेल तर हार्मोन नको. वाफांवर दुसऱ्या गोळ्या मिळतात. मेडिकलमधून मनानं काही घेऊ देऊ नका.

2019 मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या जातात यावर राज्यभर चर्चा झाली, सरकारनं समितीही नेमली. पण ऑपरेशननंतर त्या बाईचं पुढं काय, हे आजही कमी विचारलं जातं.

लॅबवाला_परळी
टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन सगळ्यांचं करा. थायरॉइड बिघडलं तरी झोप, घाम, मूड सगळंच बिघडतं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी. कॅल्शियम-लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी. एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर तपासणीआधी दोन दिवस बंद, रिपोर्ट चुकतो.

आहार_लातूर
ज्वारीच्या भाकरीत कॅल्शियम फार नाही. रोज 1000 ते 1200 मिलिग्रॅम लागतं. एक ग्लास दुधातून सुमारे 300, न सोललेल्या तिळाच्या दोन मोठ्या चमच्यांतून 150 च्या वर. तीळ कुटून चटणीत घाला, अख्खे नीट पचत नाहीत. गोळी लागलीच तर एका वेळी 500, जेवणासोबत. सोयाबीन आपल्याकडं मुबलक आहे, शिजवून खावं, पण ते हार्मोनची जागा घेत नाही. मोळी उचलताना पाठीत अचानक कळ आली आणि टिकली, तर मालिश न करता एक्स-रे काढा; मणका दबलेला असू शकतो.

आरोग्यसेविका_केज
डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर?

स्त्रीरोग_अंबाजोगाई
पिशवीच्या तपासणीचा, म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट आहे का बघा, त्यात काय-काय काढलं ते लिहिलेलं असतं. तोही नसेल तर सोनोग्राफी. अंडाशयं आकसली असतील तर दिसत नाहीत, म्हणून सोबत एफएसएच (अंडाशयं काम करतात का ते सांगणारी रक्ततपासणी), चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा. एकाच रिपोर्टवर ठरवू नका.