‘नागीण’ म्हणजे हर्पिसच का? आणि दुखणं कसं सांगायचं?

आईच्या पाठीवर डावीकडे पुरळ आलंय. डॉक्टर ‘हर्पिस झोस्टर’ म्हणाले, मावशी ‘नागीण’ म्हणते. दोन्ही एकच? कसं दुखतंय विचारलं की आई नुसतं ‘कसंतरीच होतंय’ म्हणते.

— एकच. ‘हर्पिस’ आणि ‘सर्प’ हे शब्दही लांबचे भाऊबंद आहेत! ग्रीक ‘हर्पेइन’ म्हणजे सरपटणं, आणि आपल्या ‘सर्प’मधला ‘सृप्’ धातू त्याच कुळातला. ‘झोस्टर’ म्हणजे मात्र पट्टा. इंग्रजी ‘शिंगल्स’सुद्धा लॅटिनमधल्या कमरपट्ट्यावरूनच आला.

— पट्टाच बरा. सापामुळे ‘तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो’ ही भीती बसली. कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूजवळच्या चेतागाठीत (चेता म्हणजे संवेदना वाहून नेणारी नस) वर्षानुवर्षं दडून असतो. जागा झाला की त्या एका चेतेच्या वाटेनं कातडीवर येतो. त्या चेतेची हद्द शरीराच्या मध्यरेषेशी संपते, म्हणून पुरळ बहुधा एकाच बाजूला. वेढा पूर्ण झाल्यानं कुणी मरत नाही.

— दुखण्याचे शब्द: पुरळाआधी काही दिवस चुणचुण, झिणझिण्या. मग आग, ठणका, मधूनच विजेसारखी चमक. कपडा नुसता लागला तरी कळवळायला होतं त्याला आमच्याकडे ‘वारासुद्धा सोसत नाही’ म्हणतात. हे शब्द डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा. चेतेच्या दुखण्याला साध्या वेदनाशामक गोळ्या पुरतीलच असं नाही, मग गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनसारखी वेगळी औषधं देतात.

— शब्द नंतर, आधी घड्याळ बघा! विषाणूवरच्या गोळ्या (असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर) पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या. चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असते तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायला सांगितलं असतं. गार ओल्या फडक्यानं आग कमी होते. खपल्या धरेपर्यंत फोड झाकलेले ठेवा, कांजिण्या न झालेल्याला त्यातून कांजिण्या होऊ शकतात.

— पुरळ गेल्यावर तीन महिन्यांनीही उरणाऱ्या दुखण्याला मराठी शब्द?

— ‘नागिणोत्तर चेताशूल’. कोशात शोभेल, तोंडात बसणार नाही. ‘मागे राहिलेली आग’ म्हणा.

— गोळ्या कालच सुरू झाल्यात, दुसऱ्याच दिवशी. आणि आत्ता आईला एकेक शब्द वाचून दाखवला. ‘ठणका’ला मान हलवली नाही. ‘वारा सोसत नाही’ म्हटल्याबरोबर म्हणाली, “हां, हेच. पंखा बंद कर.”