बसून गोळाफेक : कातळावर खुर्ची कशी रोवायची, आणि गांधीनगरच्या केंद्रापर्यंत कसं पोचायचं?

राजापूर_क्रीडाशिक्षक
गावातला एक मुलगा आहे, वय २०. आंब्यावरून पडून पाठीचा मणका दुखावला, इजा एल-१ला, म्हणजे कमरेच्या पहिल्या मणक्याला. हात, छाती, पोट उत्तम. मांड्यांपासून खाली ताकद जवळजवळ नाही. व्हीलचेअरवर बसून ४ किलोचा गोळा ७ मीटरच्या आसपास टाकतो. फेकताना व्हीलचेअर हलते म्हणून दोघं मागून धरतात. आता नीट खुर्ची करून घ्यायची आहे. मापं काय ठेवावीत? आमच्याकडे सगळा कातळ, खुंट्या बसत नाहीत, आणि आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, तोंडावर आलीय. दुसरं, साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरण) गांधीनगर केंद्रात थेट अर्ज करता येतो का? सचिन खिलारींनी २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकला गोळा १६.३२ मीटर टाकून रौप्य मिळवलं, त्या मानाने हा फारच मागे आहे असं घरच्यांना वाटतं.

वर्गीकरण_रत्नागिरी
सर, घरच्यांना आधी हे सांगा की ही तुलनाच चुकीची आहे. खिलारी एफ-४६ वर्गाचे (एफ म्हणजे फेकी-उड्यांचे प्रकार, आकडा अपंगत्वाचा गट सांगतो), म्हणजे हाताचं अपंगत्व, उभं राहून फेकणारे. तुमचा मुलगा बसून फेकणाऱ्यांत येईल. तिथलं उदाहरण हवं तर होकाटो सेमा : पॅरिसला एफ-५७मध्ये १४.६५ मीटर, कांस्य. पण एफ-५७वाल्यांच्या पायांत आणि कमरेत बरंच बळ असतं. एल-१ची इजा, पोटाचे स्नायू शाबूत आणि मांडी उचलता येत नाही, असं असेल तर तो साधारण एफ-५५कडे जाईल. नक्की काय ते वर्गीकरण करणारेच ठरवतील. तुम्ही किंवा मी नाही.

हे आधी का सांगतोय? कारण प्रत्येक वर्गाला प्रत्येक प्रकार स्पर्धेत नसतो. एफ-५४ ते एफ-५७ या वर्गांपैकी पॅरिसला पुरुषांची बसून गोळाफेक एफ-५५ आणि एफ-५७ला होती, थाळीफेक एफ-५६ला होती, ज्यात योगेश कथुनियांनी ४२.२२ मीटरवर रौप्य घेतलं. वर्ग ठरण्याआधी वर्षभर एकाच प्रकाराला चिकटलात आणि तो प्रकार त्या वर्गाला नसला तर मेहनत भलतीकडे गेली. तोवर गोळा आणि १ किलोची थाळी, दोन्ही चालू ठेवा.

कागद : यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), एमआरआयचा अहवाल, शस्त्रक्रिया झाली असल्यास डिस्चार्ज समरी, आणि न्यूरोलॉजिस्टकडून कोणत्या स्नायूत किती ताकद याची नोंद. ‘८० टक्के अपंगत्व’ एवढ्या दाखल्यावर वर्ग ठरत नाही. टक्केवारी सरकारी सवलतींसाठी असते. वर्गीकरणात स्नायून् स्नायू हाताने तपासतात आणि मग स्पर्धेत फेकताना बघतात. तपासणीत पाय हलत नाही म्हणाला आणि फेकताना त्याच पायाने रेटा दिला, तर वर्ग बदलतो.

केंद्राबद्दल : निवड होते ती मुख्यतः अधिकृत स्पर्धेतल्या कामगिरीवर. राज्य पॅरा स्पर्धा, तिथून राष्ट्रीय, तिथे वर्ग आणि नोंदलेलं अंतर, हा क्रम. गावच्या मैदानावर टेपने मोजलेलं अंतर कुणी धरत नाही. केंद्रात राहणं, जेवण, प्रशिक्षक, फिजिओ मिळतात. टॉप्स, म्हणजे पदकाची आशा असलेल्या खेळाडूंना मदत देणारी केंद्र सरकारची योजना, वेगळी. २०१४पासूनची, मुख्य गटाला महिना ५०,००० रुपये. केंद्रात घेतलं म्हणजे टॉप्स मिळालं असं होत नाही. ग्वाल्हेरला अटल बिहारी वाजपेयी दिव्यांग क्रीडा प्रशिक्षण केंद्र आहे, त्याच्या निवड चाचण्यांवरही लक्ष ठेवा.

लोखंडकाम_कुडाळ
खुर्चीचं सांगतो. नियमातली मापं आधी, कारण स्पर्धेच्या दिवशी खुर्ची मोजतात आणि बसली नाही तर फेकायलाच देत नाहीत.

जमिनीपासून बसायच्या पृष्ठभागापर्यंत उंची जास्तीत जास्त ७५ सेंमी, आणि त्यात गादी धरलेली आहे. लोक सांगाडा ७५चा करतात, वर गादी टाकतात आणि अडकतात. सांगाडा ६८-६९ला थांबवा. आसन चौकोनी किंवा आयताकृती, प्रत्येक बाजू किमान ३० सेंमी. ४० बाय ४५ बरं पडतं. आसन सपाट, नाहीतर पुढून उंच आणि मागे उतरतं. पुढे उतरतं चालत नाही. पकडायचा दांडा एकसंध, सरळ, गोल किंवा चौरस छेदाचा. वाकवलेला, लंबगोल, स्प्रिंगवाला नाही. पट्टे ताणले जाणारे नकोत. सायकलच्या ट्यूबने पाय बांधतात, ते आधी बंद करा. पायाखालची पाटी फक्त आधाराला.

सांगाडा ४० बाय ४० मिमी चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, ३ मिमी जाडीचा. २ मिमीचा घेऊ नका, वेल्डजवळ चिरतो. दांड्याला ३८ मिमी गोल पाइप पुरे. उजव्या हाताने फेकत असेल तर दांडा डाव्या बाजूला पुढे. पण नेमकी जागा कागदावर ठरत नाही. तळाशी तीन ठिकाणी दांड्याची खोबण वेल्ड करा, बोल्टने आवळून महिनाभर तिन्ही वापरून बघा. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. पूर्ण ताठ राहिलं तर खेचायला काही उरत नाही. दांडा निघणारा असला की रेल्वेत न्यायलाही सोपा.

चारही कोपऱ्यांत खाली १२ मिमी सळीच्या कड्या, शिवाय दोन्ही बाजूंना मधोमध एकेक. प्रत्येक मैदानावर हुक वेगळ्या जागी असतात; सहा कड्या असल्या की कुठेही बांधता येतं.

गंजाचं : नुसत्या रेड ऑक्साइडने किनाऱ्यावर एक पावसाळाही निघत नाही. आतून गंजतो हे दिसत नाही, म्हणून पाइपाची तोंडं बंद करा आणि तळाला ६ मिमीचं भोक ठेवा, पाणी साचत नाही. बाहेर झिंक प्रायमर, वर इपॉक्सी. गॅल्व्हनाइझ करायला पाठवणार असाल तर प्रत्येक पाइपाला हवा जायची भोकं हवीतच. बंद पाइप तापल्या झिंकमध्ये फुटतो, माणसं भाजतात.

चिरेखाण_लांजा
कातळात एक्स्पान्शन बोल्ट मारू नका. जांभा सच्छिद्र आहे. पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पाऊस मुरला की भोकाची कड भुसभुशीत होते आणि बोल्ट हातात येतो. स्लॅबच टाका.

३ बाय ३ मीटर, जाडी १५ सेंमी. त्यावर २.१३५ मीटर व्यासाचं वर्तुळ रंगवा. कातळ टाचून खरबरीत करा, ८ मिमी सळी दोन्ही दिशांना १५ सेंमीवर, माल १ : १.५ : ३ (सिमेंट, वाळू, खडी). साधारण ११ पोती सिमेंट लागेल. हुक १६ मिमी सळीचे, यू आकाराचे, खालचे पाय सळीच्या जाळीखाली अडकवून तारेने बांधून मगच काँक्रीट. नंतर खोचलेला हुक उपटतो. हुक वर्तुळाबाहेर ठेवा, पट्टा साधारण ४५ अंशांत उतरेल असे.

वाळू खाडीची किंवा पुळणीची नको. मिठाने आतली सळी फुगते आणि स्लॅब हुकाच्या जागीच तडकतो. क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, घ्या. निदान दहा दिवस गोणपाट ओलं ठेवा. आगोटीआधी उरकायचं तर याच आठवड्यात सुरुवात करा. ओतल्यावर सरीने वरचा माल धुऊन नेला तर पृष्ठभाग कायमचा खडबडीत राहतो.

गोळा पडतो तिथे १० सेंमी माती पसरा. उघड्या कातळावर ओतीव गोळ्याचे टवके उडतात आणि वजन ४ किलोच्या खाली जातं. गंज घासूनही वजन कमी होतं. स्पर्धेत वजन करतात. दर महिन्याला रेशन दुकानाच्या काट्यावर नको, सोनाराकडच्या किंवा टपालाच्या काट्यावर बघा. फेकीच्या क्षेत्राचा कोन साध्या दोरीने आखता येतो : केंद्रापासून २० मीटरवर दोन्ही रेघांमध्ये १२ मीटर अंतर आलं की नियमातले ३४.९२ अंश झाले.

फिजिओ_चिपळूण
एक गोष्ट कुणी लिहिली नाही आणि ती सगळ्यात महत्त्वाची. या मुलाला बसण्याच्या जागी संवेदना कमी असणार. कडक आसनावर, घामात, तासभर बसला तर कातडी लाल होते आणि त्याला कळतही नाही. तिथून जखम व्हायला दोन-तीन दिवस पुरतात आणि भरायला महिने जातात. केंद्राची निवड, स्पर्धा, सगळं त्यात वाहून जातं.

दर १५-२० मिनिटांनी हातांवर जोर देऊन कुल्ले उचलायचे, अर्धा-एक मिनिट. मागे खिसे आणि जाड शिवण असलेली पँट नको. सराव संपला की घरच्या कुणीतरी किंवा आरसा धरून त्याने स्वतः बैठकीचं हाड, माकडहाड आणि टाचा बघायच्या. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी खुर्ची बंद. पायाचे पट्टे बांधताना आत एक बोट जायला हवं.

फेकताना ढुंगण उचललं की फेक बाद. गुडघ्यामागपासून बैठकीच्या हाडापर्यंत मांडी आसनाला टेकलेली राहिली पाहिजे, गोळा पडेपर्यंत. बाजूने मोबाइल ठेवून आसनाच्या उंचीवरून चित्रण करा, वरून काढलेल्या चित्रणात हे दिसत नाही.

राजापूर_क्रीडाशिक्षक
मनापासून आभार. स्लॅबची आखणी उद्याच करतो. पट्टे किती, आणि पावसाळ्यात सराव कसा चालू ठेवू?

लोखंडकाम_कुडाळ
५० मिमी रुंदीचे रॅचेट पट्टे (दात्यांच्या खटक्याने आवळायचे), किमान चार, खालच्या सांगाड्यावरून, तिरके. फेकीच्या जोराने आधी पुढचे पाय उचलतात, गोळा सुटल्यावर अंग पुढे आलं की मागचे. म्हणून दोन्हीकडे ताण सारखा हवा. धारदार कोपऱ्यावरून पट्टा नेऊ नका. रॅचेट गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून दात्यांना थेंबभर तेल. पट्ट्याला तेल लागू देऊ नका, घसरतो. बांधायला स्पर्धेत मोजकाच वेळ मिळतो, त्यामुळे खुर्ची बांधण्याचाही घड्याळ लावून सराव करा.

फिजिओ_चिपळूण
पावसात पडवीत खुर्ची दोन खांबांना बांधा आणि २-३ किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) चिऱ्याच्या भिंतीवर फेकू द्या, आठवड्यातून तीन दिवस. खेचण्याचे व्यायाम ढकलण्याच्या व्यायामांइतकेच ठेवा. दिवसभर चाकं ढकलणाऱ्याचा खांदा पुढून आखडलेला असतो आणि गोळाफेकीने तो आणखी आखडतो.