शब्द हवा आहे : ‘मारत नाहीत, पण…’

प्रश्न :
एका समुपदेशन केंद्रासाठी पत्रक लिहिते आहे. ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ला मराठीत काय म्हणावं? म्हणजे हात उगारत नाही, पण बायकोचा पगार त्याच्या खात्यात, एटीएम कार्ड त्याच्या खिशात. ती भाजीला गेली तरी व्हिडिओ कॉल. मैत्रिणी एकेक करून सुटलेल्या. मी ‘सक्तीचे नियंत्रण’ लिहिलं, तर केंद्रातल्या मावशी म्हणाल्या, “हे नसबंदीचं का गं?”

प्रतिसाद :
सासुरवास! जात्यावरच्या ओव्या भरल्यात त्यानं. नवा शब्द कशाला?

प्रतिसाद :
सासुरवास म्हटलं की बोट सासू-नणंदेकडे जातं, नवरा नामानिराळा. दोघंच वन बीएचकेत राहतात आणि सासू गावी, तिथे सासुरवास कुणाचा म्हणायचा? ‘धाक’, ‘वचक’ही नकोत. ते आपण कौतुकानं वापरतो, ‘घरात पुरुषाचा धाक हवा’ वगैरे. आणि ‘मुठीत ठेवणे’ हा तर बायकोनं नवऱ्याला ठेवल्याचा विनोद होऊन बसलाय.

प्रतिसाद :
वकिली करते म्हणून सांगते. 2005च्या कायद्यातला शब्द ‘कौटुंबिक हिंसाचार’ असा आहे. कायदा लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 पासून. त्याच्या कलम 3 मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असा चारही प्रकारचा छळ येतो. मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं, घरखर्चाला पैसे न देणं, सगळं त्यात आहे. तरी समोर बसलेल्या बाईचं पहिलं वाक्य ठरलेलं: “तसं मारत नाहीत हो.” हिंसाचार शब्द ऐकला की ती स्वतःच्या अंगावर वळ शोधते, आणि वळ नाही म्हणजे तक्रारही नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये 2015 साली गंभीर गुन्ह्यांच्या कायद्यात कलम 76 घालून अशा वागण्याचा स्वतंत्र गुन्हा केला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तिथे एखादा प्रसंग पुरत नाही, वारंवार किंवा सतत चाललेली वागणूक दाखवावी लागते. आपल्या भारतीय न्याय संहितेत (कलम 85, 86) शब्द आहे ‘क्रूरता’. तो ऐकून तर बाई आणखीच दचकते. “क्रूर नाहीत हो ते!”

प्रतिसाद :
‘जाचहाट’ कुणी कसा आणला नाही? आमच्याकडे पोलिसांच्या आणि वर्तमानपत्रांच्या भाषेत तोच चालतो. फक्त तो बहुतेकदा ‘जाचहाटास कंटाळून विवाहितेची आत्महत्या’ याच मथळ्यात भेटतो. बाई जिवंत असताना हा शब्द कुणी काढत नाही.

मला स्वतःला ‘काच’ आवडतो. आरशाची ती काच नव्हे, तो काच, पुल्लिंगी. दोरीचा काच, परकराच्या नाडीचा काच. आजी एखादीबद्दल म्हणायची, “लई काच हाय तिला.” नाडी बांधतो तेव्हा काही वाटत नाही. दिवसभर तशीच राहते, आणि रात्री सोडल्यावर कमरेवर वण दिसतो. तुम्ही म्हणताय ते असंच चालतं ना? एकेक गोष्ट सुटी घेतली तर ‘काळजी करतो बिचारा’ म्हणून खपून जाते.

प्रतिसाद :
‘काच’ सुंदर आहे, पण शहरातली पंचविशीतली मुलगी ते वाचून खिडकीच बघेल. नामाचा नाद सोडा, क्रियापदं ऐका. ‘मला नोकरी करू देतात.’ ‘माहेरी पाठवतात.’ ‘तो तिला नांदवत नाही.’ सगळ्या वाक्यांत कर्ता तोच. मराठीत नांदायचं बाईनं आणि नांदवायचं नवऱ्यानं. आणि ‘करू देतात’ हे तर ती अभिमानानं सांगते!

मूळ प्रश्नकर्ती :
पटलं. मथळ्यातून नाम काढून टाकलं. आता पत्रकात नुसते प्रश्न आहेत आणि खाली हेल्पलाइनचा 181 हा नंबर. ‘काच’ आतल्या मजकुरात एकदा ठेवलाय, नाडीसकट.

पहिला प्रश्न मी लिहिला होता, ‘बाहेर जाण्यासाठी तुम्हाला पतीची परवानगी घ्यावी लागते का?’ तो मावशींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “परवानगी शाळेत घेतात. तू असं लिही: घरातून निघताना सांगून निघतेस की विचारून?”