रायफलच्या स्कोपचा टरेट: उघडा घेऊ की टोपीवाला? लवकर सांगा

बार्देशकर:
मंडळी, तातडीने मदत हवीय. दोन स्कोप (रायफलवरच्या दुर्बिणी) बघून ठेवलेत, किंमत जवळपास सारखीच. एकाचे टरेट (निशाणा सरकवायची बटणं) उघडे, हाताने फिरवायचे, एका क्लिकला निशाणा ०.१ मिल सरकतो. दुसऱ्याचे टोपीखाली, क्लिकला पाव एमओए (मिल आणि एमओए ही दोन्ही कोनाची मापं). दुकानदार म्हणतो उघडाच घ्या, हल्ली सगळे तेच नेतात. शनिवारपर्यंत त्याला कळवायचंय. कुठला घेऊ?

डिचोलीचा_भाऊ:
रायफल कुठली? अंतर किती? हे कळल्याशिवाय काय डोंबल सांगणार.

माडाखाली:
मिल घे, विषय संपला. १०० मीटरला एक क्लिक म्हणजे एक सेंटीमीटर. एमओए १०० मीटरला २.९ सेंटीमीटर, त्याचा पाव काढत बसणार का?

अंत्रुजकाका:
हिशोब कशाला हवा? किती चुकलं ते रेटिकलमध्ये (स्कोपमधल्या खुणांच्या रेघांवर) दिसतं, तेवढंच फिरवायचं. फक्त रेटिकल आणि टरेट एकाच मापाचे पाहिजेत. रेटिकल मिलचं आणि टरेट एमओएचा अशी खिचडी अजून विकली जाते, ते आधी तपास. आणि ५० मीटरला पाव एमओए ३.६ मिमी सरकतो, ०.१ मिल ५ मिमी, म्हणजे बारीक क्लिक एमओएचाच.

माडाखाली:
दीड मिलिमीटरने काय होतंय काका, ५० मीटरला छर्र्यांचा ग्रुपच त्याच्या कितीतरी पट पसरतो.

खाजनकाठ:
आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० मीटर एअर रायफलला स्कोप चालतच नाही, पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) लागते. उगाच पैसे घालू नकोस.

बार्देशकर:
स्पर्धेचं कोण बोललं? टरेट विचारलाय मी. एअर रायफल आहे, पॉइंट १७७ इंच बोअरची, भाटात (बागायतीत) कागदी टार्गेटवर मारतो.

डिचोलीचा_भाऊ:
स्प्रिंग की पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी)? आणि अंतर??

बार्देशकर:
स्प्रिंग, नळी मोडून भरायची. १५ ते ४५ मीटर, रोज वेगळं.

अंत्रुजकाका:
अरे मग हे पहिल्यांदा सांगायचं ना! स्प्रिंगचा धक्का आधी मागे आणि पिस्टन आपटला की पुढे असा दोन्हीकडून बसतो, मोठ्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप यावर खिळखिळा होतो. स्प्रिंग एअरगनला चालेल असं कंपनीने लिहिलंय का ते बघ. पॅरॅलॅक्स, म्हणजे स्कोप ज्या अंतराला जुळवलेला असतो ते, १५ मीटरपर्यंत खाली येतो का तेही बघ, पुष्कळ स्कोपचा १०० यार्डांवर कायमचा बसवलेला असतो, १५ मीटरला सगळं धूसर दिसेल.

माडाखाली:
आणि पावसाळ्यात सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेव, आपल्याकडच्या दमटपणात लेन्सला बुरशी धरते.

डिचोलीचा_भाऊ:
अंतर रोज बदलतंय तर उघडाच बरा, दर वेळी टोपी कोण काढत बसणार. पण मोडणाऱ्या नळीचं तोंड बऱ्याचदा किंचित खाली झुकलेलं असतं, मग झिरो करताना (छर्रा लागतो तिथे निशाणा जुळवताना) टरेट पार वरपर्यंत न्यावा लागतो, तिथे आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो भटकत राहतो. झुकाव भरून काढणारा माउंट (स्कोप बसवायची पकड) घे. स्कोप हातात आला की वाइसमध्ये (शिकंज्यात) आवळ, २५ मीटरवर पट्टी चिकटव, ४० क्लिक फिरव. मिलवाला असेल तर रेटिकलचा मध्य पट्टीवर बरोबर १० सेंटीमीटर सरकला पाहिजे आणि ४० उलटे फिरवले की होता तिथेच आला पाहिजे.

बार्देशकर:
आत्ताच फोन केला. रेटिकल दोघांचंही मिलचं आहे, म्हणजे एमओएचा टोपीवाला बाद. उघड्याचा पॅरॅलॅक्स १० यार्डांपासून. स्प्रिंगचं विचारून उद्या सांगतो म्हणाला.

माडाखाली:
मी पहिल्यांदाच म्हटलं होतं मिल घे.

अंत्रुजकाका:
स्प्रिंगचं उत्तर येऊ दे. तो नाही म्हणाला तर दोन्ही सोड, तिसरा बघ.